पाण्याचं बाटली-रॉकेट: त्याच दाबात जास्त उंची कशी मिळेल?

पिचकारी

आधी जोडणी सांगतो, म्हणजे नेमकं बोलता येईल. शीतपेयाची २ लिटरची पेट प्लास्टिकची बाटली, पुठ्ठ्याचे तीन पंख, नाकावर अर्धा कापलेला स्पंजचा चेंडू. रिकाम्या रॉकेटचं वजन ७० ग्रॅम, पाणी १ लिटर. लाँचर म्हणजे नळाच्या दुकानातला 'अर्धा इंची' पाइप. तो बाटलीत जेमतेम ५ सेंमी जातो. पकड केबल टायची, वरून सरकणारी कॉलर, हवा सायकलच्या उभ्या पंपाने.

पंपाच्या गेजवर ४ किलो (दर चौ. सेंमी) दिसतात, तरी उंची २० मीटरच्या आसपासच. शिवाय तीन तक्रारी आहेत. दाब टिकत नाही, रॉकेट सुटताना एका बाजूला कलतं आणि पंपाच्या नळीत पाणी उतरतं. दाब ६ किलोवर नेला तर फरक पडेल का?

दट्ट्या

दाबाला हात लावू नका. ४ किलोला मिळायला हवं त्याच्या निम्मंच तुम्हाला मिळतंय. गळती कुठे आहे ते न बघता दाब वाढवला तर फक्त धोका वाढेल.

बाटलीच्या भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. २ लिटरच्या बाटलीची त्रिज्या साधारण ५४ मिमी आणि भिंत पाव मिमीहून किंचित जाड. ४ किलोलाच हा ताण ८० मेगापास्कलच्या घरात जातो. बाटली फुगवताना पेट दोन्ही दिशांनी ताणलं जातं म्हणून ते तो सोसतं. कोरी, ओरखडा नसलेली बाटली याच्या दुपटीलाही टिकते. पण रोज मातीत आपटलेल्या बाटलीचा भरवसा नाही.

आता पाणी. १ लिटर फार होतं. निम्मी बाटली पाणी म्हणजे हवेला जागा १ लिटर, आणि पाणी संपेपर्यंत ती हवा दुप्पट पसरणार. गेजवरचे ४ म्हणजे वातावरणाचा १ मिळवून निरपेक्ष ५ धरा. हवा इतक्या वेगाने पसरते की तिला बाहेरून उष्णता घ्यायला सवड मिळत नाही, त्यामुळे शेवटी निरपेक्ष १.९, म्हणजे गेजचे ०.९ उरतात. पाण्याचा झोत सुरुवातीला सेकंदाला २८ मीटरने निघतो आणि शेवटी १३ वर येतो. वर ते जादा पाणी काही अंतर उचलून न्यावं लागतं ते वेगळंच.

५५० मिली घ्या. पाणी संपताना गेजचे २.२ किलो शिल्लक राहतील, झोत शेवटीही २१ मीटरने निघेल, आणि उरलेली हवा भसकन बाहेर पडताना आणखी एक ढकला देईल. रॉकेट तोवर हलकं झालेलं असतं, म्हणून त्या ढकल्याचा फायदा मोठा. मोजपात्राने मोजून भरा. अंदाजपंचे ओतलं तर दोन उड्डाणांची तुलना करता येत नाही.

अर्धा_इंच

पाइप कोणता हे विचारायचं राहिलं. रंग पिवळट आहे का? 'अर्धा इंची' मागितला की बरेचदा सीपीव्हीसी देतात, त्याचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २१.७ मिमी. म्हणजे सगळीकडून जवळपास ३ मिमीची फट राहते.

तुम्हाला हवा आहे पांढरा यूपीव्हीसी, अर्धा इंच, शेड्यूल (भिंतीच्या जाडीची श्रेणी) ८०. शेड्यूल ४० आणि ८० दोन्हींचा बाहेरचा व्यास २१.३ मिमीच असतो, फरक भिंतीत आहे: ४० ची २.८ मिमी, ८० ची ३.७. शेतीच्या पाइपातला २० मिमी बाहेरून २० च असतो, तोही ढिला पडतो. दुकानात जाताना रिकामी बाटली बरोबर न्या आणि तिच्या तोंडात घालूनच पाइप घ्या.

पिचकारी

हो, पिवळटच आहे. तोंडाशी टेफ्लॉन टेपचे पुष्कळ वेढे दिलेत, दाब तिथूनच जात असणार. पण पाइप आत किती जावा? ५ सेंमी पुरत नाही का?

दट्ट्या

उंचीतला सर्वात स्वस्त फायदा त्या नळीतच आहे. नळी तोंडात घट्ट बसली असेल तर बाटली तिच्यावरून वर सरकताना पिचकारीसारखी वागते. हवेचा दाब बाटलीला वर ढकलतो आणि पाणी मात्र अडलेलं राहतं. २१.३ मिमी नळीचं क्षेत्रफळ ३.५६ चौ. सेंमी, म्हणून ४ किलोला जोर सुमारे १४ किलोचा. नळी २२ सेंमी आत असेल तर पाण्यासकट ६२० ग्रॅमचं रॉकेट ती सोडतानाच सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने निघालेलं असतं, आणि पाणी जवळजवळ सगळं शिल्लक.

१५.९ च्या नळीवर हे जमत नाही. सील सुटल्याबरोबर भोवतालच्या फटीतून पाणी उडायला लागतं. त्या फटीचं क्षेत्रफळ १७० चौ. मिमी, म्हणजे तोंडाच्या जवळपास निम्मं. २१.३ च्या नळीला ते १३-१४ चौ. मिमी राहतं, ते चालतं.

कलण्याची तक्रारही यातच अर्धी सुटते. लांब नळी रूळाचं काम करते, वेग येईपर्यंत रॉकेटला वाकडं होता येत नाही. तिसरी तक्रारही तशीच. उलट्या बाटलीत ५५० मिली पाणी तोंडापासून साधारण १० सेंमी उंच उभं राहतं. नळीचं वरचं टोक त्याच्या बरंच वर असल्याने पाणी नळीत उतरतच नाही.

फक्त भरायची रीत बदलावी लागेल. बाटली सरळ उभी धरून पाणी भरा, लाँचर उलटा करून नळी तिच्यात घाला, पकड लावा आणि मग दोन्ही एकदम पालथं करा.

वायसर

टेफ्लॉन टेप सरकत्या सीलला चालत नाही. पहिल्या दोन उड्डाणांत तिचा गोळा होतो आणि बाटली अडकते. ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, लावा.

१८ मिमी आतला व्यास, २ मिमी जाडी, नायट्राइल रबर. पाइपावर १.५ मिमी खोल आणि २.६ मिमी रुंद खाच. लेथवाल्याकडून काढून घेतली तर उत्तम. हाताने करायची तर पाइपाला मास्किंग टेपचा एक वेढा देऊन त्याच्या काठाने हॅक्सॉने हलके फिरत जा आणि शेवटी बारीक कानस. खाच एका बाजूला खोल झाली की तिथेच गळणार. खाचेत रिंग बसल्यावर ती पाइपाबाहेर अर्धा मिमी दिसते. बाटलीत गेल्यावर ०.२ मिमीच्या फटीत दबते, म्हणजे जाडीच्या साधारण १५ टक्के. सीलला एवढं पुरतं. जास्त दाबली तर बाटली सुटताना अडखळते.

खाचेमुळे भिंत पातळ होते, म्हणूनच शेड्यूल ८०. चाळीसमध्ये खाचेखाली जेमतेम सव्वा मिमी उरतो.

खाचेची जागा: बाटलीचं तोंड जिथे टेकतं तिथून १० ते १२ मिमी वर. रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा.

अर्धा_इंच

टेकायला काय, तर अर्ध्या इंची सॉकेट. वरची नळी आणि खालचा पाइप दोन्ही त्याच सॉकेटमध्ये सोल्युशनने चिकटवा. बाटलीचं तोंड सॉकेटच्या काठावर बसतं. सॉकेटची बाहेरची जाडी बाटलीच्या आट्यांच्या जवळपास असते, त्यामुळे केबल टाय त्यावर सरळ उभे राहतात.

टाय ४.८ मिमी रुंदीचे, १० नग. डोकी वर आणि बाटलीच्या मानेखाली जी कडी असते तिच्यावर अडकतील अशा उंचीला. खाली जुबली क्लिपने आवळा. कडीचा व्यास ३३ मिमी, टायच्या पट्ट्या धरून ३६ च्या आत-बाहेर. त्यावर कॉलर म्हणून ४० मिमीचा शेतीचा पाइप, आतून ३६-३७ मिमी भरणारा. पट्ट्यांची जाडी सारखी नसते, दुकानातच घालून बघा. कॉलरची लांबी ६-७ सेंमी ठेवा, आखूड असेल तर तिरकी होऊन अडकते.

कॉलरला दोरी एकाच बाजूने बांधलीत का? सुटताना कलण्याचं उरलेलं अर्धं कारण ते असेल. एका बाजूचे टाय आधी सुटतात आणि बाटली दुसऱ्या बाजूला लटकते. समोरासमोर दोन भोकं पाडा, दोन्हींतून दोरी घ्या, खाली एका कडीतून ओवून मग एकच दोरी लांब न्या. ओढ सरळ खाली लागली पाहिजे.

मान_मोजा

वरच्यात एक भर. शीतपेयांच्या बाटल्यांच्या माना दोन प्रकारच्या मिळतात. जुन्या मानेची उंची २१ मिमी, नव्या आखूड मानेची १७. व्यास आणि बूच दोन्हीकडे २८ मिमीचंच म्हणवतं, त्यामुळे बघून कळत नाही. २१ वर जुळवलेल्या टायमध्ये आखूड मानेची बाटली ४ मिमी हलते. दाब आला की ती वर सरकून टायवर लटकते आणि खाच जरा खाली असेल तर ओ-रिंग तोंडाच्या अगदी काठाशी येते. मग ३ किलोला अचानक फुसकन हवा जाते आणि दोष ओ-रिंगवर टाकला जातो. एकाच मानेच्या बाटल्या जमवा, नाहीतर सॉकेटवर ४ मिमीची चकती ठेवा.

बिसलेरी छापाच्या साध्या पाण्याच्या बाटल्या आणि गरम भरलेल्या सरबताच्या बाटल्या यांना दाब द्यायचाच नाही. त्या वायूचा दाब सोसायला बनवलेल्या नसतात.

गेज_बघा

सुरक्षेचं इथे स्वतंत्र लिहितो, कारण वर यूपीव्हीसीचा उल्लेख आला आहे. यूपीव्हीसी पाइप पाण्याच्या दाबासाठी आहे. त्यात दाबलेली हवा भरू नये असं पाइप बनवणारेच सांगतात. फुटला तर त्याच्या धारदार चिपा उडतात. उन्हात पडलेला आणि थंडीतला पाइप आणखी ठिसूळ. बाटलीच्या आतल्या नळीला आतून-बाहेरून सारखाच दाब असतो, तिथे चिंता कमी. सॉकेटच्या खाली मात्र यूपीव्हीसी जितका कमी तितकं बरं. सॉकेटखाली १० सेंमीचा तुकडा, त्यापुढे टी, निपल, गेज सगळं जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा पितळी घ्या. त्या उघड्या तुकड्यावर जुन्या रबरी होजचं वेष्टण चढवून क्लिप मारा. यूपीव्हीसीच्या जाड पाइपाची 'हवेची टाकी' करून लावायचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नका.

पंपापर्यंत ८ मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब, किमान १० मीटर. दोरीही तेवढीच. डोळ्यांवर चष्मा. पंपाजवळ एक बॉल व्हॉल्व्ह हवाच. उड्डाण रद्द करायचं झालं तर लांबूनच हवा सोडता आली पाहिजे. कॉलर अडकली म्हणून भरलेल्या रॉकेटवर वाकणं हा यातला सर्वात वाईट क्षण. ४ किलोला त्यात सुमारे ३४० ज्यूल ऊर्जा असते आणि रॉकेटचं तोंड हलायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही.

आणि इथे फक्त हवा आणि पाणी. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास कार्बाइडच्या पाइपांनी मुलांचे डोळे गेले. त्यातलं काहीही या धाग्यावर नको.

वायसर

व्हॉल्व्हबद्दल: एंड कॅपला ११.५ मिमीचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व्ह आतून ओढून बसवतात. सोपा आणि न गळणारा. पण मोटारीच्या त्या नेहमीच्या व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पीएसआय, म्हणजे साडेचार किलोच्या किंचित वर. पिचकारींच्या ४ ला तो चालेल. ६ चा विचार असता तर इथेच थांबावं लागलं असतं. त्याला नट-वायसरचा धातूचा व्हॉल्व्ह लागतो.

पंपावरच्या गेजवर विसंबू नका. ते व्हॉल्व्हच्या अलीकडचा दाब दाखवतं. लाँचरच्या टीवर पाव इंची, ० ते ७ किलोचं स्वतंत्र गेज लावा. भराभर पंप मारला की हवा तापते, मग मिनिटभरात काटा थोडा खाली येतो. ती गळती नव्हे. खरी गळती बघायची तर काटा स्थिरावू द्या, पाच मिनिटं थांबा, मग लांबच्या व्हॉल्व्हने दाब १ किलोवर आणा आणि तेव्हाच जवळ जाऊन साबणाचं पाणी लावा.

पिचकारी

खूप मोलाचं मिळालं, मनापासून आभार. नळी, ओ-रिंग, कॉलर बदलतो. एक शंका: वजन ७० वरून आणखी उतरवायचं का? स्पंज काढला तर ६० होईल.

शून्य_अंश

उलट करा. वजन वाढवा.

पाणी संपल्यावर रॉकेटला पुढे नेणारं फक्त त्याचं वस्तुमान असतं आणि हवेचा विरोध त्याच्यावर तुटून पडतो. २ लिटरच्या बाटलीचा छेद ९२ चौ. सेंमी आहे, लहान नाही. विरोधगुणांक ०.४ धरून हिशेब केला: सेकंदाला ४० मीटरने निघालेलं ६० ग्रॅमचं रॉकेट सुमारे २६ मीटर चढतं, तर १२० ग्रॅमचं त्याच वेगाने ३८ मीटर. विरोध नसता तर दोन्ही ८१ मीटर गेली असती. हलक्याला सुरुवातीचा वेग थोडा जास्त मिळतो हे खरं, पण तो ही तूट भरून काढत नाही. २ लिटरला ११० ते १३० ग्रॅम हा चांगला पट्टा आहे. १८० च्या पुढे परत उतरण लागते.

जादा वजन नाकातच घाला, म्हणजे स्थिरताही सुधारते. स्पंजच्या चेंडूखाली ४०-४५ ग्रॅम शाडू. खिळे, नट, दगड नकोत. नाक मऊच राहिलं पाहिजे.

स्थिरता रिकाम्या रॉकेटवर तपासा. पाणी पाव सेकंदही टिकत नाही, पुढचं सगळं उड्डाण रिकाम्याचं. बोटावर तोलून गुरुत्वमध्य काढा. मग पुठ्ठ्यावर रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती रेखून कापा आणि ती तोला. तो बिंदू दाबमध्याचा, म्हणजे हवेचा आडवा जोर जिथे एकवटतो त्या जागेचा, अंदाज देतो आणि तो थोडा कडकच, म्हणजे सुरक्षित बाजूचा, असतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, नाकाकडे, निदान अर्ध्या बाटलीच्या व्यासाएवढा हवा. बाटलीचा व्यास ११ सेंमी, म्हणजे ५-६ सेंमी.

पुठ्ठ्याचे पंख पहिल्या उड्डाणाला भिजून वाकतात. त्याऐवजी जाहिरातींच्या फलकांची ३ किंवा ४ मिमी सनपॅक शीट. तिच्या नळ्या पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे जातील अशा कापा, नाहीतर पंख फडफडतो. तीन पंख, १२० अंशांवर, बाटलीच्या मानेकडच्या उतारावर जितके खाली तितके चांगले. लाँचरच्या कॉलरला लागणार नाहीत एवढं बघा.

चिकट

पंख चिकटवायला फेविक्विक नको. पेट तिथे पांढरं होऊन तडकतं. गरम गोंदाच्या बंदुकीनेही नको, भिंत तिथेच आकसते आणि पुढे तिथूनच फुटते. चिकटावं म्हणून पॉलिश पेपरने बाटली खरवडणं हे त्याहून वाईट.

दुसऱ्या बाटलीचा मधला नळकांड्यासारखा भाग कापा, त्याला उभा छेद देऊन तो पंखांसकट दाबाच्या बाटलीवर चढवा आणि दोरे असलेल्या फिलामेंट टेपचे दोन वेढे द्या. पंख त्या बाहीलाच बसवा, तिथे काहीही वापरलं तरी चालतं. बाटली बाद झाली की बाही काढून नव्या बाटलीला लागते.

पिचकारी

बदल केल्यानंतरची मोजणी. दाब लाँचरच्या गेजवर ४ किलो, पाणी ५५० मिली, रिकामं वजन ११८ ग्रॅम, नळी २२ सेंमी. उंची कोनमापक आणि ओळंब्याने, ५० मीटरवरून: ३६, ३८, ३५, २९, ३७ मीटर. पंपात पाणी नाही, पाच मिनिटांत काटा हललाही नाही. चौथं उड्डाण मात्र कमी का, ते कळत नाही. भरणं तेच, वजन तेच.

शून्य_अंश

वारा होता का? पंख मोठे आणि नाक जड असलं की रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं. उंची घटते आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला जाऊन ते पडतं. शिवाय एकाच बाजूने मोजलं तर चूक होते. रॉकेट तुमच्यापासून दूर कललं की कोन लहान दिसतो आणि उंची कमी निघते, तुमच्याकडे कललं तर जास्त. दोन माणसं वाऱ्याच्या रेषेत समोरासमोर ५०-५० मीटरवर उभी करा. ५० गुणिले कोनाची स्पर्शज्या (tan), त्यात डोळ्यांची उंची मिळवा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

ताळा म्हणून मोबाइलवर संथ चित्रण करा. शिखरापासून खाली येण्याचा वेळ वर जाण्यापेक्षा बराच जास्त भरला तर विरोध फार आहे, नाकाचा आकार सुधारायला वाव आहे. स्पंज आणि बाटली यांच्यात पायरी राहिली असेल तर ती आधी काढा. टोकदार नाकाने या वेगाला काही मिळत नाही, गोल आणि गुळगुळीत पुरे.

पिचकारी

वारा होता, आणि पडलं तेही वारा येत होता त्याच बाजूला. जुळतंय. पंख एक सेंमीने कमी करून बघतो. बाटली किती उड्डाणं वापरावी? बुडाच्या पाकळ्यांजवळ बारीक पांढऱ्या रेषा आल्यात.

गेज_बघा

ती बाटली आजच बाद करा. पांढरी रेषा म्हणजे तिथलं पेट ताणून सैल झालं आहे. आपटून पडलेली घडी, नखाला लागणारा ओरखडा, मानेपाशी चीर, यांपैकी एक दिसलं तरी तेच. काही दिसलं नाही तरी दहा उड्डाणांनंतर बदला. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलेली बाटली तर वापरूच नका. पेट सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडतं, पण त्याच्या आधीही तापलेली बाटली जास्त फुगते.

नवी बाटली थेट हवेने भरायची नाही. आधी पाण्याने तपासा. बाटली आणि नळी काठोकाठ पाण्याने भरा, हवा शिल्लक ठेवू नका, लाँचरवर लावून त्यावर बादली पालथी घाला आणि लांबून दाब द्या. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी चिपा उडत नाहीत, नुसती फाटते. वापरायच्या दाबाच्या दीडपट, मिनिटभर. ४ साठी ६ किलो झाले, आणि ६ ला वायसर यांनी सांगितलेला धातूचा व्हॉल्व्ह लागेल. तो बसवायचा नसेल तर तपासणी साडेचारला करा आणि उड्डाणं ३ किलोला.